वाचक विचारतात : तो व्हेटो एकदाचा काढून का टाकत नाहीत?

गेल्या अंकात संयुक्त राष्ट्रांबद्दल थोडं लिहिलं होतं आणि म्हटलं होतं की या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्था सुधारायच्या तर कशा, यावर प्रश्न पाठवा. पाठवलेत, आणि भरपूर पाठवलेत. निम्म्याहून जास्त व्हेटोवरच आहेत, ते साहजिकच. (व्हेटो म्हणजे सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांपैकी एकानंही विरोधात मत दिलं की ठराव पडतो, तो अधिकार.) एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी अमुक देशाला शिव्या घालून पत्र संपवलंय त्यांचा फक्त प्रश्न घेतलाय, राग मानू नका.

प्रश्न : १९३ देश आहेत आणि दादागिरी पाच जणांची. उरलेले १८८ एकत्र येऊन व्हेटो रद्द का करत नाहीत? यात एवढं अवघड काय आहे?

अवघड हेच की रद्द करायलाही त्या पाच जणांची सही लागते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं, म्हणजे त्यांच्या घटनेचं, कलम १०८ काढून बघा. कुठलीही दुरुस्ती आधी आमसभेत (जिथे प्रत्येक देशाला एक मत) दोन तृतीयांश मतांनी पास व्हायला हवी, मग दोन तृतीयांश देशांनी आपापल्या घरी रीतसर मंजुरी द्यायची, आणि त्या मंजुरी देणाऱ्यांत अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स हे पाचही असलेच पाहिजेत. म्हणजे १९२ देशांनी हो म्हटलं आणि एकानं कागद नुसता ड्रॉवरमध्ये टाकून दिला, तोंडानं नाहीसुद्धा म्हटलं नाही, तरी विषय संपला.

आणि हे काही नजरचुकीनं राहून गेलेलं नाहीये. १९४५ ला सॅन फ्रान्सिस्कोत सनद ठरत होती तेव्हा लहान-मध्यम देशांनी, त्यात ऑस्ट्रेलिया सगळ्यात पुढे, व्हेटोवरून जाम वाद घातला होता. तेव्हा अमेरिकेच्या शिष्टमंडळातले सिनेटर टॉम कॉनली उभे राहिले आणि सनदेच्या मसुद्याची प्रत त्यांनी सगळ्यांसमोर टराटरा फाडली. अर्थ असा की व्हेटो हाणून पाडायचाय ना, पाडा, पण मग घरी जाऊन हेही सांगा की आम्ही सनदच फाडून आलो. लहान देश गप्प बसले. बळी तो कान पिळी म्हणतात ते इथे कलम नंबर टाकून लिहून ठेवलंय एवढाच फरक.

तरी सनद कधीच बदलली नाही असं नाही हं. सुरुवातीला सुरक्षा परिषदेत ११ जण होते, पाच कायम आणि सहा निवडून आलेले. डिसेंबर १९६३ मध्ये निवडून येणाऱ्यांची संख्या सहावरून दहा करायचा ठराव आमसभेत आला, आणि मतदानात पाचांपैकी फक्त चीननं बाजूनं मत दिलं (ती खुर्ची तेव्हा तैवानमधल्या सरकारकडे होती), फ्रान्स आणि सोव्हिएत युनियन विरोधात गेले, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. वाटेल की झालं, बारगळलं. पण आमसभेच्या पायरीवर व्हेटो चालत नाही, त्यामुळे ठराव पास झाला, आणि १९६५ च्या ऑगस्टपर्यंत त्याच पाचही जणांनी निमूट मंजुरी दिली. का दिली? तर तोपर्यंत आशिया-आफ्रिकेतले नवे स्वतंत्र झालेले देश आमसभेत गठ्ठ्यानं आले होते आणि शीतयुद्धात दोन्ही बाजूंना ते आपल्याकडे हवे होते. त्यांना नाराज करणं परवडणारं नव्हतं. अर्थात पाचांचं स्वतःचं काही जात नव्हतं, फक्त दुसऱ्यांच्या खुर्च्या वाढत होत्या, हेही विसरू नका. स्वतःचा व्हेटो ते असा सोडतील असं मला अजिबात वाटत नाही.

प्रश्न : (स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक वाचक) व्हेटोला हात न लावता काही सुधारणा होऊ शकते का, की सगळं भिजत घोंगडंच?

होऊ शकते, आणि माझं तर मत असं झालंय की खरी सुधारणा तिथूनच होते, लोक उगाच खुर्च्यांकडे बघत बसतात.

२५ फेब्रुवारी २०२२ चा दिवस बघा. युक्रेनवरच्या हल्ल्याचा निषेध करणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद फिरत फिरत नेमकं रशियाकडे आलेलं, म्हणजे युद्ध त्यांचं, बैठक चालवणार ते आणि हात वर करून ठराव पाडणारही तेच. ११ मतं बाजूनं, भारत, चीन आणि अमिरात तटस्थ, रशिया विरोधात, ठराव गेला. आता गंमत अशी की सनदेतच कलम २७ मध्ये लिहिलंय की जो स्वतः वादात पक्षकार आहे त्यानं मतदान करू नये, पण ते फक्त वाद शांततेनं सोडवायच्या सहाव्या प्रकरणातल्या निर्णयांना लागू आहे, सातव्या प्रकरणातल्या बळ वापरायच्या किंवा निर्बंध लादायच्या निर्णयांना नाही. म्हणजे जिथे गरज सगळ्यात जास्त तिथेच सूट.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. दोन दिवसांनी परिषदेनं हा विषय आमसभेच्या आणीबाणीच्या अधिवेशनाकडे पाठवला, आणि असा विषय पाठवणं हा कामकाजाचा भाग धरला जातो, त्याला व्हेटो लागत नाही, नऊ मतं मिळाली की झालं. ही वाट १९५० मध्ये कोरियाच्या युद्धाच्या वेळी काढलेली आहे. २ मार्चला आमसभेत १४१ विरुद्ध ५ असा निकाल लागला, ३५ तटस्थ. युद्ध थांबलं का? नाही थांबलं. आमसभेचे असे ठराव बंधनकारक नसतात.

मग लिख्टेनस्टाइन या जेमतेम चाळीस हजार वस्तीच्या देशानं पुढाकार घेतला आणि २६ एप्रिल २०२२ ला आमसभेनं ठरवून टाकलं की यापुढे कुणीही व्हेटो वापरला की कामाच्या दहा दिवसांच्या आत आमसभा भरणार, त्यावर चर्चा होणार. व्हेटो वापरायला बंदी नाही, फक्त सगळ्यांसमोर त्यावर बोलणं होणार. तेव्हापासून रशियालाही ते चुकलेलं नाही आणि गाझाच्या ठरावांवर अमेरिकेलाही चुकलेलं नाही. यानं काय फरक पडतो असं विचाराल तर थोडाच पडतो, पण शून्य नाही. ब्रिटन आणि फ्रान्सनं १९८९ नंतर एकदाही व्हेटो वापरलेला नाही, त्यांच्याकडून तो कुणी काढून घेतला नव्हता, वापरणंच त्यांना महाग पडायला लागलं.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. परिषदेत ठराव पास व्हायला १५ पैकी नऊ मतं लागतात, म्हणजे निवडून आलेल्या दहांपैकी सात जणांनी ठरवलं की मत द्यायचं नाही तर पाच कायम सदस्य एकत्र असले तरी त्यांचं पान हलत नाही. हा सहावा व्हेटोच झाला की. पण सात जण एकत्र राहतील तर ना, दोन वर्षांसाठी आलेले असतात आणि प्रत्येकाचं कुठे ना कुठे काहीतरी अडकलेलं असतं.

प्रश्न : भारताला कायम सदस्यत्व कधी मिळणार? सरळ उत्तर द्या, फिरवून नको.

सरळ उत्तर : नजीकच्या काळात नाही.

कारण असं की परिषद वाढवायला जवळपास सगळे तयार आहेत पण कुणाला घ्यायचं यावर घोडं पेंड खातं. भारत, जपान, जर्मनी, ब्राझील हे चौघे एकमेकांना पाठिंबा देतात, २००५ मध्ये त्यांनी परिषद २५ जणांची करायचा ठराव आणला होता, त्यात सहा नवे कायम सदस्य. त्यांच्या विरोधात दुसरा गट आहे, त्यात पाकिस्तान, इटली, दक्षिण कोरिया, मेक्सिको, अर्जेंटिना वगैरे. यादी नीट बघितलीत तर लक्षात येईल, प्रत्येक उमेदवाराचा शेजारी किंवा भाऊबंद त्यात बसलेला आहे. या गटाला कॉफी क्लब म्हणतात. तिसरीकडे आफ्रिकी देश म्हणतात आम्हाला दोन कायम जागा द्या आणि व्हेटोसकट द्या, आणि त्यांचं म्हणणं चूक कसं म्हणणार, परिषदेपुढच्या विषयांत आफ्रिकेचे एवढे आणि आफ्रिकेचा एकही कायम सदस्य नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेनं सांगितलं की दोन आफ्रिकी जागांना आमचा पाठिंबा आहे, फक्त व्हेटो नाही. परिषद वाढवण्यावर चर्चा करायला १९९३ मध्ये एक कार्यगट नेमला होता, तो कधी संपणारच नाही अशी राजनैतिक वर्तुळात थट्टा चालायची. २००९ पासून आंतरसरकारी वाटाघाटी सुरू आहेत, ज्यावर घासाघीस करावी असा एक सर्वमान्य मसुदा अजून टेबलावर नाही.

आता माझं मत सांगतो, पत्रं येणार हे माहितीये. सहा नवे कायम सदस्य आले, समजा भारतही आला, तर आपल्याला आनंद होईल हे खरं, पण परिषद जास्त न्याय्य झाली का? कायम म्हणजे कायम, आज जो मोठा आहे तो पन्नास वर्षांनी असेल की नाही कुणी बघितलंय, हीच तर १९४५ ची चूक. आणि नव्यांनाही व्हेटो दिला तर काम अडवणारे पाचाचे अकरा. त्यापेक्षा आठ-दहा वर्षांच्या लांब मुदतीच्या जागा करा, पुन्हा निवडून येता येईल अशा, म्हणजे मोठ्या देशाला मोठी जागा मिळेल पण मतं मागायला सारखं सगळ्यांच्या दारात जावं लागेल. सध्या कलम २३ प्रमाणे दोन वर्षं संपली की लगेच पुन्हा उभंच राहता येत नाही. भारत आतापर्यंत आठ वेळा निवडून आलाय आणि प्रत्येक वेळी काम जरा हातात बसेपर्यंत मुदत संपते. बदलायला अर्थात पुन्हा तेच कलम १०८. (त्याच कलम २३ मध्ये आजही रशियाच्या जागी सोव्हिएत युनियन लिहिलेलं आहे, १९९१ पासून ते नाव बदलायच्याही भानगडीत कुणी पडलेलं नाही, यावरून काय ते समजा.)

सनदेला हात न लावता करण्यासारखं मात्र बरंच आहे. उदाहरणार्थ ठरावाचा पहिला मसुदा कोण लिहितं? बहुतेक विषयांवर अमेरिका, ब्रिटन किंवा फ्रान्स, वर्षानुवर्षं तेच, आणि हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, नुसता पायंडा. जो मसुदा लिहितो तोच निम्मं ठरवतो हे ज्यानं कधी कमिटीत काम केलंय त्याला सांगायला नको. आणि परिषदेची कामकाजाची नियमावली? ती १९४६ पासून आजतागायत तात्पुरती आहे, तिच्या मथळ्यातच तसं छापलेलं आहे. ती पक्की करा, त्यात मसुदा लिहायचं काम निवडून आलेल्यांनाही वाटून द्या, बंद दाराआडच्या बैठकांची नोंद ठेवा. याला कुणाच्या संसदेची मंजुरी लागत नाही.

प्रश्न : (निवृत्त बँक अधिकारी) नाणेनिधीत पैशाच्या प्रमाणात मतं असतात याला लोक अन्याय म्हणतात. पण पैसे देणाऱ्याचं ऐकायला नको का?

निम्मं पटलं तुमचं. ज्याचा पैसा अडकणार त्याला काहीच अधिकार नसेल तर तो पैसे देणारच नाही, हे उघड आहे. पण दोन गोष्टी बघा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत (अडचणीतल्या देशांना कर्ज देणारी संस्था) मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के आहेत, म्हणजे नाव न घेता व्हेटोच. २०१० मध्ये कोटा (प्रत्येक देशाचा भांडवलातला वाटा, त्यावरच मतं ठरतात) बदलायचं ठरलं, चीन-भारतासारख्यांचा वाटा वाढणार होता, तर अमेरिकी काँग्रेसनं डिसेंबर २०१५ पर्यंत मंजुरीच दिली नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये तो बदल लागू झाला. पाच वर्षं सगळं जग थांबलं. २०२३ मध्ये कोटा सरसकट ५० टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं पण वाटे होते तेच ठेवले, म्हणजे भांडणच नको.

दुसरं, कोटा फक्त मतांपुरता नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कोविडनंतर नाणेनिधीनं ६५० अब्ज डॉलर्सचे एसडीआर (नाणेनिधीनं तयार केलेली राखीव गंगाजळी, देशांना ती खऱ्या चलनात बदलून घेता येते) वाटले, आणि वाटले कोट्याच्या प्रमाणात. त्यामुळे निम्म्याहून जास्त रक्कम श्रीमंत देशांकडे गेली, ज्यांना त्याची गरज नव्हती, आणि सगळ्या आफ्रिका खंडाला मिळाले ३३ अब्ज. संकटातली मदत आणि भागभांडवलाचा हिशोब एकाच मापानं करायचा हे बँकेत काम केलेल्या माणसाला तरी पटणार नाही असं वाटतं.

मुळात रचनेत याच्यावर उपाय होता. प्रत्येक देशाला कोट्याशिवाय काही सारखी मूळ मतं मिळतात. सुरुवातीला ती एकूण मतांच्या ११ टक्क्यांच्या पुढे होती, कोटे वाढत गेले आणि मूळ मतं तेवढीच राहिली, त्यामुळे त्यांचा वाटा घसरून दोन टक्क्यांच्या आसपास आला. २००८ च्या सुधारणेत ती तिप्पट करून साडेपाच टक्क्यांवर बांधून ठेवली. ती दहा-बारा टक्क्यांवर न्या, लहान देशांचा आवाज वाढतो आणि पैसेवाल्यांचं फार काही बिघडत नाही. पण असल्या रटाळ आकड्यांची कधी बातमी होत नाही.

आणि हो, नाणेनिधीचा प्रमुख युरोपचा आणि जागतिक बँकेचा अमेरिकेचा, हेही कुठल्याच नियमात नाही. जागतिक बँकेचे अजय बंगा भारतात जन्मले म्हणून आपल्याकडे पेढे वाटले, पण ते अमेरिकेचे नागरिक आहेत आणि त्यांना नाव दिलं ते अमेरिकेनंच.

प्रश्न : मग सगळीकडे एक देश एक मत करून टाका, विषय संपवा.

संपत नाही हो. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा घ्या. २११ सदस्य, प्रत्येकाला एक मत, लोकशाहीच की. आणि २७ मे २०१५ च्या पहाटे झुरिचच्या एका हॉटेलातून त्यांचे पदाधिकारी अटक करून नेले, लाचखोरीचे आरोप. मत सारखं असलं आणि वाटायला पैसा एकाच्या हातात असला की विकासनिधी कुणाला आणि मत कुणाला हे जुळायला वेळ लागत नाही. नंतर सुधारणा झाल्या, अध्यक्षाला १२ वर्षांची मर्यादा आली, आणि मग ठरलं की अध्यक्ष इन्फान्टिनो यांची पहिली अपुरी टर्म त्यात मोजायची नाही.

दुसरं टोक जागतिक व्यापार संघटनेचं. १६६ सदस्य आणि निर्णय एकमतानं, म्हणजे प्रत्येकाकडेच व्हेटो. तिथलं सात जणांचं अपील मंडळ म्हणजे व्यापारातल्या तंट्यांचं शेवटचं कोर्ट. अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये सुनावणीला लागतात तेवढे तीन सदस्यसुद्धा उरले नाहीत. आता हरलेला देश सरळ अपील करतो, ऐकायला कुणीच नाही, निकाल लटकला. शंभराहून जास्त देश मिळून पुन्हा पुन्हा ठराव मांडतात की नेमणुका सुरू करा, एक देश नाही म्हणतो.

मला जमलेलं उदाहरण वाटतं ते ओझोनचा थर वाचवायच्या मॉन्ट्रियल कराराच्या निधीचं. त्याच्या कार्यकारी समितीत सात श्रीमंत देश, सात विकसनशील, आणि मतदानाची वेळ आलीच तर दोन तृतीयांश मतं हवीत आणि शिवाय दोन्ही गटांत वेगवेगळं बहुमत हवं. कुणा एकाला अडवता येत नाही आणि कुठल्या एका गटाला रेटताही येत नाही. जागतिक पर्यावरण सुविधेतही (पर्यावरणाच्या कामांना पैसे देणारा निधी) असंच आहे, ६० टक्के देश आणि ६० टक्के वर्गणी, दोन्ही जमलं तर मंजूर. म्हणजे पैसा आणि माणसं दोन्ही मोजली जातात. हे सुरक्षा परिषदेला लागू होणार नाही, पण नवी संस्था काढताना तरी पुन्हा जुनाच साचा का वापरायचा?

प्रश्न : जागतिक आरोग्य संघटना कोविडमध्ये ढिली पडली, ती बंदच का करू नये?

बंद केलीत तर पुढच्या साथीत पुन्हा काढावी लागेल. तिची अडचण पैशाच्या जातीत आहे. कोविडच्या काळात देशांची ठरलेली वर्गणी बजेटच्या वीस टक्क्यांपेक्षा कमी होती, बाकी देणग्या, आणि देणगीदार सांगतो की हे पैसे याच रोगावर खर्च करा. मग संघटना कुणाला दुखवणार? मे २०२२ मध्ये सदस्य देशांनी ठरवलं की वर्गणी टप्प्याटप्प्यानं मूळ बजेटच्या निम्म्यापर्यंत न्यायची, चांगला निर्णय होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे आता ती वाढीव वर्गणी इतरांना आणखी जड जाणार.

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस नेमकं कोण निवडतं? आणि बाई कधी होणार?

कलम ९७ प्रमाणे सुरक्षा परिषद शिफारस करते आणि आमसभा नेमते. प्रत्यक्षात परिषदेत आधी गुप्त चाचणी मतदान होतं, एका टप्प्यावर कायम सदस्यांच्या मतपत्रिका वेगळ्या रंगाच्या करतात म्हणजे कुणाच्या नावावर व्हेटो पडणार ते आधीच कळावं, आणि शेवटी एकच नाव बाहेर येतं. १९८१ मध्ये कुर्ट वाल्डहाइम यांना तिसरी टर्म हवी होती, चीननं १६ वेळा व्हेटो टाकला. १९९६ मध्ये बुत्रोस घाली यांच्या बाजूनं १४ मतं होती, अमेरिकेचं एक विरोधात, तेवढ्यानं ते गेले. आजवरचे नऊही सरचिटणीस पुरुषच. २०१६ मध्ये पहिल्यांदा उमेदवारांना आमसभेपुढे उभं करून उघड प्रश्न विचारले गेले, ती सुधारणा झाली खरी, पण नाव शेवटी एकच आलं. तेव्हा निवडून आलेले सरचिटणीस गुटेरेस यांची दुसरी टर्म ३१ डिसेंबर २०२६ ला संपते.

यात बघण्यासारखं एवढंच की परिषदेनं एकच नाव द्यावं असं सनदेत कुठेही नाही. तसं बरं पडेल असं जानेवारी १९४६ मध्ये खुद्द आमसभेनंच एका ठरावात म्हणून ठेवलंय आणि तेव्हापासून ते चालत आलंय. दोन-तीन नावं पाठवा, आम्ही निवडतो, असा नवा ठराव आमसभेला करता येतो, आणि आमसभेत व्हेटो चालत नाही. परिषद तो मानेल की नाही हा पुढचा भाग, पण आमसभेनं अजून तसा ठराव केलेलाच नाही.